आमाच्या नावावरचे तेरा दिवस

बसन्तपुरच्या वरचा गाव, तेह्रथुम
पुस १२, वि. सं. २०८०

आदरणीय आमाजू,

लांबूनच पायावर डोकं ठेवून ढोग करते. तिकडे सगळी बरी असाल. थंडीत तुमचे गुडघे धरतात, मोहरीचं तेल कोमट करून चोळत जा, आळस करू नका. भाचीच्या परीक्षा उरकल्या असतील. इकडची थंडी काही विचारू नका. सकाळी घागरीतल्या पाण्यावर बर्फाची जाड साय धरलेली असते आणि ती फोडून तोंड धुवावं लागतं. तुम्हा दमकच्या लोकांना सांगून पटायचं नाही.

फोनच करणार होते. केलाही. तुम्ही उचलत नाही. का उचलत नाही ते मला ठाऊक आहे, त्यामुळे तक्रार नाही. शेवटी भावाच्या पोरीकडून वहीची पानं मागून घेतली आणि चुलीपाशी बसले. भाऊ म्हणजे आमचा दम्बर, माझ्या लग्नात जिलबीवरून रुसला होता तो. आता दोन पोरांचा बाप आहे. सुताच्या मिलमध्ये मला लिहायचं काम पडत नाही. हजेरीचा आकडा आणि सही, संपलं. तेव्हा अक्षर समजून घ्या.

काम आहे म्हणून लिहिते, आडून कशाला बोलू. तुमची आमा गेल्याचा वॉर्ड कार्यालयातला दाखला हवा आहे, आणि मी तिची सून असल्याचा नात्याचा दाखला. तुमचा भाऊ माझ्यासाठी त्या कार्यालयाची पायरी चढायचा नाही, आणि त्याने चढावी असं मलाही वाटत नाही. अकरा वर्षं झाली, त्याचा दुसरा संसार त्याला लखलाभ. शेवटी नणंद म्हणून तुम्हालाच गळ घालते.

तुम्ही म्हणाल, जिवंत होती तोवर सासूचं तोंड पाहिलं नाहीस आणि मेल्यावर तिचे कागद मागतेस. म्हणा. पण आधी मिलमध्ये सुट्टी कशी मोजतात ते ऐकून घ्या, त्याशिवाय माझी गोष्ट कळायची नाही.

आमच्याकडे वर्षाच्या भरपगारी सुट्टीला घर बिदा म्हणतात. नाव ऐकून वाटतं, केवढी माया. वीस दिवस काम भरलं की एक दिवस घर मिळतं. एकोणीस भरले तर काही नाही. खाडा झाला तर तो दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे ज्याच्या घरी दुखणं त्याचे खाडे जास्त, आणि ज्याचे खाडे जास्त त्याला घर कमी. हजेरी बघणाऱ्या तिमिल्सिना सरांनी हे मला इतक्या वेळा समजावलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. माणूस वाईट नाही. भागाकार करतात, खाली उरलेला आकडा मला दाखवतात, अजून थोडे भरले असते तर एक मिळाला असता म्हणतात, आणि जणू चूक त्यांचीच आहे असं तोंड करतात.

माझ्याकडे बरीच घर बिदा साठली होती. ती सगळी भदौमध्ये गेली. माझ्या आमाला, जिने मला जन्म दिला तिला, धरानच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. पोटाचा रोग. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. म्हणाले, घरी न्या, मागेल ते खायला घाला. साठलेलं संपल्यावर पुढचे दिवस बिनपगारी काढले, आणि बिनपगारी दिवसांवर नवी सुट्टी साचत नाही हे तुम्हाला आता कळलंच असेल.

दसैंच्या सणानंतर दम्बरचे फोन सुरू झाले. आमा सारखी विचारते, नैनकला कधी येणार. मी तिमिल्सिना सरांपुढे जाऊन उभी राहिले. आजारी बिदा द्या म्हटलं. म्हणाले, ती ज्याला ताप त्याला, आईच्या तापावर तुम्हाला मिळत नाही. मग घर बिदा बघा म्हटलं. बघितली, दोन दिवस निघाले. इटहरीला बस बदलायची, बसन्तपुरहून जीप, वर चढण. एक दिवस जायला आणि एक यायला. म्हणजे दारात उभं राहून 'आमा, बरी आहेस ना' म्हणायचं आणि त्याच पावली मागं फिरायचं. माझं डोकं फिरलं. विचारलं, ती मेली तर किती?

"तर तेरा दिवस, दिदी. किरिया बिदा. भरपगारी." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली.

जिवंत आईचे दोन आणि मेलेल्या आईचे तेरा. खात्यातल्या बायकांना सांगितलं तर त्या कपाळावर हात मारून हसल्या. सासू मेली तरी तेराच, असं त्यांच्यातल्याच एकीला माहीत होतं. ती म्हणाली, मग बघ ना, तुझी सासू टेकलीय का कुठं. सगळ्या खिदळल्या. आमाजू, मीही हसले. पुढच्याच आठवड्यात तुमचा फोन येणार होता हे कुणाला माहीत होतं.

मंसिरच्या चार तारखेला तुम्ही फोनवर म्हणालात, आमा गेली, तू थोरली सून आहेस, तू यायला पाहिजेस. सुतकाची पांढरी लुगडी दोघी सुनांची आणवलीत असंही म्हणालात. मी 'येते' म्हटलं. पण मला यायला जमलं नाही. इटहरीच्या चौकात चक्काजाम होता, गाड्या सुटत नव्हत्या. हे मी नंतर भाचीला मेसेजवर कळवलंही होतं.

आता हात गारठले. उरलेलं उद्या लिहिते.

पुस १३, सकाळ

काल इथवर लिहून पान पालथं घातलं. पहाटेपासून डोळ्याला डोळा नाही. चक्काजाम नव्हता, आमाजू. त्या दिवशी रस्ता आरशासारखा स्वच्छ होता.

तुमचा फोन ठेवला आणि मी तशीच अर्ज लिहायला गेले. 'कोण वारले' याच्यापुढे मी 'आमा' लिहिलं. ठरवून नाही हो. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी तुमच्या ओसरीवर कुणाला तरी 'माझी सासू' असं म्हणाले, तेव्हा तुम्हीच डोळे वटारले होते, सासू काय म्हणतेस, आमा म्हण. तेव्हापासून तोंडात तेच बसलं. घर सुटलं तरी शब्द काही सुटला नाही. सरांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, म्हणाले, सुटल्या बिचाऱ्या, फार सोसलं त्यांनी. त्यांना वाटलं, धरानच्या हॉस्पिटलातली. मला तिथंच सांगायला हवं होतं की ही ती नव्हे. नाही सांगितलं. बस गाठायची होती आणि सांगितलं असतं तर पुढं काय काय विचारलं असतं.

इटहरीला दमक-बिर्तामोडची बस लागलेली होती. तिच्यात मी चढले, हे अगदी खरं. खिडकीची जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली. तिकीट काढायच्या आधी रस्त्यापलीकडे धरान-बसन्तपुरची बस दिसली. मी विचार केला असं समजू नका, विचाराला वेळच लागला नाही. पिशवी उचलली आणि उतरले. मनात म्हटलं, जिने अकरा वर्षांत माझी विचारपूस केली नाही तिने मरून तेरा दिवस दिलेत, घ्यावेत. असं म्हटलं मी. तुमची आमा तेव्हा घरातून नेलीही नसेल.

आणि खरं बघता तिने मला काही हाकलून दिलं नव्हतं. तुमच्या भावाने दुसरी आणली तेव्हा ती म्हणाली, पुरुष आहे, चुकला, तू थोरली, सांभाळून घे. त्या 'सांभाळून घे'चाच मला संताप आला. मी माझी गाठोडी बांधली आणि ती दारापर्यंत आली नाही. तेवढंच मी अकरा वर्षं उगाळत बसले.

इथं येऊन आमाला मी काही सांगितलं नाही. साठवलेली घर बिदा आहे म्हटलं. तिला कोण आनंद. येईल-जाईल त्याला सांगायची, माझ्या लेकीचा साहेब चांगला आहे, एवढी सुट्टी दिली. नाव ऐकून मात्र हसायची. बिदा म्हणजे निरोप ना गं, मग घर बिदा म्हणजे काय, घराला निरोप? मी म्हणायची, गप बस, तुला मिलचं काही कळत नाही. पहिले पाच दिवस इतके छान गेले की त्यांच्याविषयी लिहायला हात धजत नाही. ती उन्हात बसायची, मी तिचे केस विंचरायची, उरले होते ते. तिला संत्र्याची फोड चोखायची असायची, मी पापुद्रा सोलून बिया काढून द्यायची. लहानपणी शेजाऱ्यांच्या झाडावरची संत्री कोण किती ओरबाडायचं यावरून आमची भांडणं व्हायची, आणि ती भांडताना दम लागला की हातानेच 'थांब' म्हणायची आणि मग पुन्हा भांडायची. खोटं कशाला बोलू, तुमची आमा मला त्या पाच दिवसांत एकदाही आठवली नाही. तुम्ही सगळ्या तिकडे मीठ सोडून एकवेळ जेवत होतात आणि मी इकडे आंबवलेल्या गुन्द्रुकच्या भाजीचा रस्सा ओरपत होते.

सहाव्या दिवशी सकाळी दम्बरला दमकहून कुणाचा तरी फोन आला. तो बावळट, अंगणातूनच ओरडला, दिदी, तुझी सासू गेली म्हणतात. आमाने ऐकलं.

मग मला हाताने जवळ बोलावलं.

"हे तिचे दिवस आहेत?"

मी हो म्हटलं.

"तिचे दिवस माझ्या उशाशी बसून खातेस?"

मग तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. आत्ताच्या आत्ता नीघ, जगात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. दम्बरला जीप बघ म्हणाली, मी दम्बरला म्हटलं, जागचा हललास तर बघ. माझा हट्टही तिचाच आहे, तो काही कमी नाही. जायचा एक दिवस गेला असता आणि पुन्हा मला कुणी सोडलं नसतं. ते उरलेले दिवस मी कुणाला देणार नव्हते, तुम्हालाही नाही आणि मेलेल्यांनाही नाही. शेवटी ती थकली. म्हणाली, "बरं. तू पाळत नाहीस ना? मी पाळते."

आणि तिने मीठ सोडलं. विहिणीचं सुतक विहिणीने पाळलेलं तुम्ही कधी ऐकलंय? मी त्याच क्षणी कपाळाची टिकली काढली, म्हटलं, मी धरते गं, मी सगळं करते, तू खा. ऐकेना. म्हणाली, पाच दिवस तर खाऊन बसलीस, त्यांचं काय. दम्बरच्या बायकोने हातापाया पडून पाहिलं. गावच्या म्हाताऱ्यांनी समजावलं की तुला काही लागत नाही. ती म्हणाली, मला नाही लागत, माझ्या लेकीला लागतं.

पुढचं मला लिहायचं नव्हतं. दाखला मागायला ते लिहायची गरजही नाही. पण ते सोडून बाकीचं लिहिलं तर ते पुन्हा चक्काजामासारखंच होईल.

तिला उलट्या व्हायच्या. पोटात पाणी ठरायचं नाही, म्हणून स्वास्थ्य चौकीतल्या नर्सने जीवनजलच्या पुड्या दिल्या होत्या. चमचा चमचा तेवढंच पोटात राहायचं, त्यावरच ती तग धरून होती. आमाने नर्सला विचारलं, यात मीठ असतं का गं. ती पोर भाबडी, हो म्हणाली, मीठ-साखरच तर असते. झालं. त्या दिवसापासून तेही बंद. मी एकदा साखरपाणी म्हणून पाजायला गेले. तिने ओठाला लावलं, थुंकून टाकलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा तो ग्लास धरायची माझी छाती झाली नाही. तेराव्या दिवशी स्वतःहून म्हणाली, आता आण. तोवर बोलताना तिची जीभ टाळूला चिकटायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी मी मिलला परतले. सुट्टी संपली होती, काय करणार. निघताना ती मला म्हणाली, मी आठ दिवस केलेत, पहिले पाच तुझे राहिलेत, ते जाऊन कर. मी हो हो म्हटलं, जसं तुम्हाला 'येते' म्हटलं होतं तसं.

पुसच्या सात तारखेला माझी आमा गेली. मी सुताच्या मशीनपाशी उभी होते. इथं पोचले तेव्हा नदीवरून सगळे परतही आले होते.

दम्बर म्हणतो, रोगच तसा होता, डॉक्टरांनी दसैंपर्यंतचंच सांगितलं होतं. नर्सही तेच म्हणते, आणि ते बोलताना माझ्याकडे बघत नाही. असेलही खरं. पण मी तिच्याजवळ राहायला म्हणून दिवस आणले आणि त्याच दिवसांनी तिच्या तोंडचं मीठ-पाणी तोडलं. हे मी दम्बरला बोलून दाखवलेलं नाही. तुम्हालाच का सांगते कोण जाणे. तुमचीही आमा गेलीय म्हणून असेल.

आता दाखल्याचं. मी तिमिल्सिना सरांना फोन करून किरिया बिदा मागितली. पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज. मग म्हणाले, दिदी, तुमची आमा तर मंसिरमध्ये गेलीय. मी म्हटलं, ती सासू होती. म्हणाले, अर्जावर आमा आहे, तुमच्याच हातचं. मी रडले, ओरडलेही. ते बिचारे पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिले.

"आमा एकदाच जाते, दिदी. मी दोनदा कसं लिहू?"

शेवटी त्यांनीच वाट काढली. दमकचे दाखले आणले तर पहिले तेरा दिवस सासूच्या नावावर चढवतील आणि हे आमाच्या. नाही आणले तर हे सगळे खाडे. आणि खाडे म्हणजे मिलच्या लेखी माझी आमा गेलीच नाही, मी तिच्यासाठी एक दिवसही बसले नाही, कुठंतरी उंडारत होते. पगार कापतील त्याचं दुःख नाही. पण तिच्या नावचे दिवस मी आधीच भलतीकडे खर्चून बसले, निदान आता तरी ते तिच्या नावावर लागावेत. एवढ्यासाठी तुमच्या दारात पदर पसरते आहे.

आणि तुम्ही जाणताच, हे तेराही दिवस मला इथं लागत नाहीत. मी दिलेली लेक. आईचं सुतक मला पाचच दिवस. परवा मी आंघोळ करून चोखी झाले, नदीवरच्या बायकांनी डोक्यावर पाणी घातलं आणि म्हणाल्या, झालं हो तुझं. दम्बर कोपऱ्यात पांढऱ्यात बसलाय, त्याला मी शिवायचंही नाही. ज्या घरासाठी मी जन्मभर वीस-वीस दिवस मोजले त्या घरात आता मी पाहुणी आहे आणि माझ्याकडे सुट्टी शिल्लक आहे.

एकोणीस तारखेला तुमच्या आमाचे पंचेचाळीस दिवस भरतात. मी येते आहे. हे पत्र घेऊन जीपवाला आज खाली उतरेल, मी उद्याच्या बसने. मधले पाच दिवस तुमच्या ओसरीवर बसेन, मीठ खाणार नाही, कुणाच्या चुलीला शिवणार नाही. धाकटीने तेरा दिवस बसून सगळं केलंय, तिचा मान मोठा, मी तिच्या मागं बसेन. ओसरीवर नको म्हणालात तर अंगणात बसेन. भांडायला येत नाही, ते दिवस संपले माझे. या वेळी चौकात बस बदलणार नाही, माझी आण.

दाखले मिळाले तर तुमचे उपकार. नाही मिळाले तरी मी येणारच, खाडे तर खाडे. खाड्यांवर घर बिदा साचत नाही, पण आता ती साचवून जायचं तरी कुठं आहे मला.

वॉर्डात तुम्हाला विचारतील, मयताशी हिचं नातं काय. काल मी 'सून' लिहा असं सांगितलं. आता नाही सांगत. तुम्ही जे लिहाल ते मी तिमिल्सिना सरांना नेऊन देईन, 'कोणी नाही' लिहिलंत तर तेही. खाली माझ्या नावाच्या आधी मी जागा मोकळी सोडली आहे, तिथंही तुम्हीच लिहा.

तुमची ..............
नैनकला